घरची बरणी आधी भरावी

गेल्या भाद्रपदात आम्ही तालुक्याच्या आठवडी बाजारास गेलो होतो. पावसाने चार दिवस उघडीप दिल्यामुळे खेड्यापाड्यांतून काकडीच्या पाट्या पुष्कळ आल्या होत्या. दुपार टळेपर्यंत भाव निम्म्यावर आला, आणि दिवस कलता कलता उरलेला माल गिऱ्हाईक सांगेल त्या किमतीस देऊन बायाबापड्या गावच्या गाडीची वाट धरू लागल्या. त्यांतील एका ओळखीच्या बाईने आमच्यादेखत अर्धी पाटी काकडी वीस रुपयांस दिली आणि लागलीच समोरच्या दुकानातून लोणच्याच्या पुड्यांची माळ विकत घेतली. आम्ही सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पोरायले भाकरीसंग काहीतरी लागते ना, भाऊ."

तिचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण सारी हयात महसूल खात्यात जमाखर्चाचे आकडे जुळविण्यात घालविलेल्या माणसास हा हिशेब डोळ्याआड करवेना. जो जिन्नस घरी पिकला तो कवडीमोलाने गेला, आणि त्याच जातीचा जिन्नस मीठ-मोहरी लागून परत आला तेव्हा त्यास रोख पैसे मोजावे लागले. शेतकऱ्याच्या घरातील लोणच्याची बरणी रिकामी पडली, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. ती भरण्याचा विचार व्हावा, आणि तो दुकान काढण्याच्या विचारापूर्वी व्हावा, एवढेच आम्हांस ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आमचे शिक्षण मराठी शाळेतले, बेताचेच. परंतु गाव नमुना सात व बारा ह्यांची पाने आम्ही जितकी उलटली तितकी फार थोड्यांनी उलटली असतील. नमुना बारामध्ये निर्भेळ पिकाचे रकाने वेगळे व मिश्र पिकाचे वेगळे. आमच्या उमेदवारीच्या काळी मिश्र पिकाचे रकाने भरलेले असत. ज्वारीत तूर, कपाशीत मूग-उडीद, कडेने तीळ आणि अंबाडी. काकडी, वाळूक, शेंदाड, दोडकी ह्यांना मात्र त्या काळीही रकाना नव्हता. पेरणीच्या वेळी घरची बाई ओटीत मूठभर बी घेऊन जाई आणि कपाशीच्या तासांतून, ज्वारीच्या कडेने, बांधाच्या मातीत ते टोचीत जाई. त्याची नोंद ना तलाठ्याने केली ना आम्ही तपासली. मात्र श्रावणापासून दसऱ्यापर्यंत त्या बियांवर घर खात असे, आणि उरलेले बरणीत जाई.

पुढे १९९० नंतरच्या वर्षांत सोयाबीन आले. त्याने शेतकऱ्याच्या हाती दसरा-दिवाळीस रोख पैसा दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि सोयाबीन दाट पेरले जाते, शंभर-एकशेदहा दिवसांत निघते, आणि त्यात वेलास शिरकाव नसतो. त्यावर तणनाशक आले. रुंद पानांचे तण मारणाऱ्या औषधास काकडीचा वेल आणि केना ह्यांतील भेद कसा कळावा? हळूहळू मिश्र पिकाचे रकाने कोरे पडले आणि पानेच्या पाने एकाच पिकाच्या नावाने भरू लागली. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक आपणच मोबाईलवर नोंदवितो. नोंदणारा हात बदलला, पण बांधावरचा वेल तेथेही सहसा दिसत नाही. ज्याची नोंद नाही त्याचे मोल नाही, आणि ज्याचे मोल नाही ते गेले तरी कोणास चुकल्यासारखे वाटत नाही. काकडीचे असे झाले, आणि ती टोचणाऱ्या हाताचेही असेच झाले.

एकाच पिकावर सारा भार टाकल्याने काय होते ते नुकतेच अनुभवास आले आहे. २०२३ साली पिवळ्या मोझॅकने सोयाबीन पिवळे पडले, आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असता पुष्कळांस त्याहून कमी भावाने माल घालावा लागला. लोणच्याने ह्याची भरपाई होईल असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु ज्या घरात वर्षाचे तोंडीलावणे भरलेले असते, त्या घरास वाईट वर्षी भाकरी कोरडी खावी लागत नाही आणि किराण्याची उधारीही तेवढी कमी चढते. इतका आधार लहान नव्हे.

आता लोणच्याच्या कृतीकडे वळू. कारण इच्छा असूनही जाणकारी नसेल तर माल वाया जातो, आणि माल वाया गेला की इच्छाही मरते. ह्याचा एक अनुभव आमच्या डोळ्यांसमोरचा आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील बचतगटाच्या भगिनींनी स्वस्त मिळालेल्या काकडीचे लोणचे घालण्याचे ठरविले, आणि कागदपत्रे पाहण्यास म्हणून आम्हांस बोलाविले. कोठल्याशा शिबिरात त्यांनी कैरीच्या लोणच्याचे प्रमाण लिहून घेतले होते. काकडी चिरली, कैरीसारखाच मसाला लावला, मीठ मात्र "काकडी नाजूक, खारट होईल" म्हणून हात आखडून घातले, वरून तेल ओतले आणि बरण्या बांधल्या. लिंबू नाही, आंबटपणाची दुसरी सोय नाही. आठव्या दिवशी फोडींवर पाणी चढले, तेल वर तरंगू लागले, दहाव्या दिवशी हिरवी बुरशी आली व वास फिरला. सगळ्या बरण्या उकिरड्यावर रित्या कराव्या लागल्या. दोष एकट्या त्यांचा नव्हता. आम्हीही तेथे बसून पावत्या मोजीत होतो आणि बरणीत काय चालले आहे ते आम्हांसही कळले नव्हते.

पुढे विचारपूस करून व थोडे वाचून जे समजले ते असे. कैरी मुळात आंबट असते, आणि किलोभर फोडींस दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ पडते. आंबटपणा आणि मीठ ह्या दोन पहारेकऱ्यांमुळे ती वर्षभर टिकते. काकडीत शंभर भागांपैकी सुमारे पंचाण्णव भाग पाणी असते आणि आंबटपणा नावापुरता. मीठ लागताच ते पाणी बाहेर येते व मसाला पातळ करते. वरचे तेल हवा अडविते हे खरे, पण आंबटपणा नसेल तर हवेवाचून वाढणारे विषारी जंतू तेलाखाली सुखाने राहू शकतात. सबब आंबटपणा नसलेली कोणतीही भाजी नुसत्या तेलात बुडवून महिनोन् महिने ठेवणे धोक्याचे आहे. शास्त्रज्ञ आम्लतेचा एक अंक मोजतात, तो ४.६ च्या खाली असला म्हणजे हे भय राहत नाही. घरी तो अंक मोजता येत नसला तरी त्याची तजवीज करता येते. तिचे मार्ग दोन.

पहिला मार्ग लिंबाचा. कोवळ्या, बी न धरलेल्या काकड्या धुऊन, पुसून, चिराव्या. किलोभर फोडींस पन्नास ते साठ ग्रॅम मीठ चोळून तीन-चार तास ठेवावे, सुटलेले पाणी निथळून फडक्यात हलकेच दाबावे, आणि फोडी सावलीत कापडावर पसरून वरचा ओलावा जाऊ द्यावा. मग पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, चमचाभर तळून कुटलेली मेथी, हळद, हिंग, तिखट आणि सात-आठ रसदार लिंबांचा रस घालून कालवावे. तेल कडकडीत तापवून पुरते थंड झाल्यावरच ओतावे. हे लोणचे वर्षाचे नव्हे. आठ-दहा दिवसांत खाऊन संपवावे व पुन्हा ताजे घालावे. काकडी जोवर बाजारात आहे तोवर हाच मार्ग सोपा.

दुसरा मार्ग आंबविण्याचा. लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम मीठ विरघळवावे. बोटाएवढ्या लहान, टणक, त्याच दिवशी तोडलेल्या काकड्या घ्याव्या. फुलाकडच्या टोकाची पातळ चकती अवश्य कापून टाकावी. त्या टोकात काकडीस गिळगिळीत करणारे द्रव्य असते. काकड्या बरणीत उभ्या रचून त्या बुडतील एवढे खारे पाणी ओतावे, वर स्वच्छ बशी ठेवून त्यावर वजन द्यावे, म्हणजे एकही काकडी पाण्यावर येणार नाही. आपल्या पावसाळी उष्म्यात तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात, पाणी गढूळ होते आणि आंबूस वास सुटतो. ह्यास भिऊ नये. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच येथे काम करीत असतात. हे आंबणे सजीव जंतूंचे काम आहे हे लुई पाश्चर ह्यांनी १८५७ साली दाखविले, पण आपल्या आजीबाईंना त्याचा उपयोग त्यापूर्वीपासून ठाऊक होता. पाण्यावर पातळ पांढरी साय आली तर काढून टाकावी. मात्र रंगीत केसाळ बुरशी आली, काकडी बुळबुळीत झाली, अथवा कुजका वास आला, तर मोह न धरता सगळी बरणी फेकावी. वरवरचे काढून खालचे खाऊ नये. आठवड्याभरात काकडी आतपर्यंत आंबट झाली म्हणजे ती तशीच खावी, किंवा निथळून मोहरीचा मसाला लावून थोड्या दिवसांत संपवावी.

भांड्यांविषयी दोन शब्द. चिनी मातीची अथवा काचेची बरणी उत्तम. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम ह्यांस मीठ-आंबट खाते आणि ती खराबी लोणच्यात उतरते. बरणी उन्हात कडक वाळवावी आणि ओला चमचा आत घालू नये. पाऊण बिघाड ओल्या चमच्याने होतो, हे आमच्या मातोश्रींचे मत आम्ही लहानपणी थट्टेवारी नेत असू. आज तेच शास्त्र ठरले आहे.

काकडी हे केवळ निमित्त आहे. जिच्या घरी बारा महिने बरणी फिरती असते तिला दर ऋतूत काही ना काही मिळते. चैत्र-वैशाखात भोकरे येतात. त्यांतील चिकट बी मीठ लावून काढावे लागते, पण लोणचे अप्रतिम होते. त्याच सुमारास कैरी आणि डोंगरकडेची करवंदे. श्रावण-भाद्रपदात काकडी, वाळूक, हिरवी मिरची, कारली. भाद्रपद-आश्विनात शेंदाड, त्याच्या काचऱ्या उन्हात वाळवून ठेविल्या तर उन्हाळ्यात तळणीस येतात. कार्तिकानंतर आवळा. पौष-माघात गाजर व फुलकोबी. ह्यांच्या फोडी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, कापडावर कोरड्या करून, मग लिंबूरस व मोहरी लावावी. आणि रिसोड-मालेगावकडे हळद काढणीस येते तेव्हा ओल्या हळदीचे लोणचे. लिंबाच्या रसात मुरलेल्या त्या पिवळ्या कांड्या ज्याने खाल्ल्या नाहीत त्याने आपल्या जिल्ह्याची चव घेतली नाही असे आम्ही म्हणू. हळदीचे पोतेच्या पोते बाजार समितीत जाते, पण त्यातील चार मुठी घरच्या बरणीत पडत नाहीत, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

आता व्यापाराचा प्रश्न. लोणच्याचे नाव काढताच हल्ली लोक उद्योगाची भाषा बोलू लागतात. ही कल्पना नवी नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ह्यांनी १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती व निर्यात शेती असा चौपदरी कार्यक्रम मांडला होता. त्यातील माजघर शेती म्हणजे घरच्या मालावर घरीच प्रक्रिया करणे. ह्या चार पदरांचा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. आधी बाईच्या हाती जमिनीचा तुकडा, मग माजघर, मग बाजार, आणि शेवटी परदेश. आपण मात्र पहिली दोन पावले गाळून तिसऱ्यावर उडी घेतो. गावोगावी शिबिरे होतात, सगळ्यांस तेच कैरीचे व लिंबाचे लोणचे शिकविले जाते, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि एका गावातील चार गट तेच लोणचे एकमेकांस विकावयास बसतात. ज्यांच्या स्वतःच्या घरी पुडी येते त्यांच्या लोणच्यावर परक्याने विश्वास का ठेवावा?

काकडीच्या व्यापाराचा मोठा दाखला शेजारच्या कर्नाटकाचा आहे. घेरकिन नावाची बोटाएवढी काकडी तेथे १९९० नंतर कराराने लावू लागले. पुढे ती तमिळनाडू, आंध्र व तेलंगणातही पसरली. २०२०-२१ साली भारताने काकडी व घेरकिन मिळून २,२३,५१५ टन माल परदेशी पाठविला व त्याचे सुमारे २२ कोटी ३० लाख डॉलर आले. ह्या व्यवसायात सुमारे ९०,००० लहान शेतकरी असल्याचे सरकारी प्रसिद्धीपत्रकात म्हटले होते. काकडीस किंमत मीठ आणि आंबट ह्यांमुळे येते, हे ह्यावरून सिद्ध होते. पण हे आकडे वाचून कोणी वाशीम जिल्ह्यात उद्याच घेरकिन लावू नये. त्या पिकास खात्रीचे पाणी, रोजची तोडणी आणि दारात उभी असलेली कंपनी लागते. आपली शेती बहुतांशी पावसाच्या पाण्यावरची. आपणांस कर्नाटकाची काकडी नको, तिच्यामागचा धडा तेवढा हवा.

ज्यांस विकावयाचेच आहे त्यांनी आपल्याच भागातील जिनसा निवडाव्या: ओली हळद, भोकर, शेंदाडाच्या काचऱ्या, करवंद. मोठ्या कारखान्यांशी कैरीच्या भावात टक्कर घेणे शहाणपणाचे नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. बरणीवर घटक, वजन, तयार केल्याचा दिवस व टिकण्याची मुदत प्रामाणिकपणे लिहावी. २०२० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के व जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान आणि बचतगटाच्या सभासदास ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेविले होते. असल्या योजनांचा लाभ जरूर घ्यावा, पण अर्जाचा कागद भरण्याआधी वर्षभर स्वतःची बरणी भरून पाहावी. शंका असेल तेथे रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठास विचारावे. आणि पैसा येईल तो जिने हात तिखटात घातले तिच्याच खात्यावर जावा. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव स्वखुशीने लावण्याची लक्ष्मी मुक्तीची सोय १९९२ पासून होती. ती वापरणारे अर्ज आमच्या टेबलावर किती थोडे आले हे आठवले म्हणजे मान खाली जाते. निदान लोणच्याच्या पैशावर तरी तिचे नाव असावे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. मीठ प्रकृतीस वाईट, हा पहिला. तो खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसास पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, आणि रक्तदाबाच्या माणसाने लोणच्यापासून दूर राहावे हेच योग्य. लोणचे ताटाच्या डाव्या बाजूस वाढतात ते तेवढ्याचसाठी. ती भाजी नव्हे. घरच्या बरणीत मीठ किती पडले हे आपणांस ठाऊक असते, इतकाच तिचा विशेष. दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला. आम्ही हा लेख वाचून दाखविला तेव्हा आमचे कुटुंब म्हणाले, "निंदणं बाईनं करावं, पाणी बाईनं भरावं, आता लोणचंही तुमच्या लेखासाठी तिनंच घालावं काय?" ह्याचे उत्तर आमच्यापाशी शब्दांत नव्हते. तेव्हापासून काकड्या धुणे, चिरणे, बरण्या उन्हात मांडणे व उचलणे ही कामे आम्ही करतो. सेवानिवृत्त कारकुनास ती जमतात, मग धडधाकट शेतकऱ्यास न जमण्याचे कारण नाही. दक्षिण कोरियात हिवाळ्यापूर्वी घरेच्या घरे व शेजारीपाजारी एकत्र जमून वर्षाची किमची घालतात, आणि त्या सामुदायिक रीतीस युनेस्कोने २०१३ साली मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. आपल्याकडेही पापड-कुरडया अशाच चार घरांनी मिळून होत असत. काम वाटून घेतले तर बरणी भरते, आणि एकीच्याच माथी मारले तर पुडीच परत येते.

वर सांगितलेल्या भगिनींनी गेल्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला. ह्या वेळी विक्रीचे नाव नव्हते. प्रत्येकीने आपल्या परसात व बांधावर काकडीचे पाच-दहा वेल लावले, सर्वांनी मिळून एका दिवशी खारे पाणी केले, आणि ज्या त्या घरी बरण्या गेल्या. एक बिघडली, ती झाकण उघडे राहिल्याने. बाकीच्या खाल्ल्या गेल्या. पौषात त्यांनीच आपण होऊन ओल्या हळदीचे लोणचे घातले, आणि त्यातील चार बरण्या वाशीमच्या नातलगांनी पैसे देऊन नेल्या. एवढीच त्यांची विक्री. आम्हांस ती पुष्कळ वाटते.

आमच्या सभासद-बंधूंस व भगिनींस विनंती इतकीच. येत्या मृगात सोयाबीन पेराल तेव्हा धुऱ्याकडेची दोन तासे तणनाशकाविना सोडा आणि तेथे काकडी, वाळूक, शेंदाड टोचा. उत्तम वेलावरचे एक फळ बियासाठी पिकू द्या. आणि संस्थेच्या चालकांनी पुढील वार्षिक सभेच्या दिवशी खत-बियाण्यांच्या मेजाशेजारी एक मेज घरच्या बरण्यांसाठी मांडावे. बक्षीस नको, नुसती चव घ्यावी व प्रमाण लिहून घ्यावे. सरकारी नमुन्यात काकडीस रकाना मिळेल तेव्हा मिळो. आपल्या घरच्या वहीत तो आजच आखता येईल.